इथूनच ऐकतो

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी आणि मेकॅनिक समोर त्यांच्या पिकअपपाशी उभे होते. पुढची चाकं काढून ठेवली होती.

"ताई, ब्रेकचे पॅड पार संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय. डिस्कवर नख फिरवून बघा, कसल्या रेघा पडल्यात! पॅड, डिस्क, दोन्ही बाजूंचं सगळं नवीन टाकावं लागेल."

"अहो, आज सकाळीच माझ्या छोटीला याच गाडीतून शाळेत सोडलंय बाबांनी!"

"नशीब, गाडी थांबली. पण आवाज कसा ऐकला नाही कुणी? ब्रेक दाबला की किंचाळत असणार ही."

"बाबा! ब्रेकचा आवाज येत होता का?"

"ओरडतेस कशाला? काही आवाजबिवाज नव्हता. त्याला पार्ट खपवायचेत."

"काका, खोटं कशाला बोलू? इकडे या, डिस्क हाताने फिरवून दाखवतो."

"गुडघे धरलेत माझे. इथूनच ऐकतो. हयात गेली गाडी चालवण्यात, गाडी नुसती शिंकली तरी कळतं मला."

"बरं, ऐका मग."

मेकॅनिक खाली वाकला. त्याच्या पाठीआडून अशी करकर उठली की माझ्या अंगावर काटा आला. मुलीने दात आवळले आणि वळून वडिलांकडे पाहिलं.

"बाबा..."

"अगं, त्याला सांग, फिरव म्हणावं! केव्हाचा कान टवकारून बसलोय मी. छोटीची शाळा सुटायची वेळ झाली."