लाल खिडकीच्या वकीलबाई

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या संघाचे खजिनदार बू नवाफ, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर हिशाम, सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या वकीलबाई उस्ताझा बद्रिया बिंत सलमान, समोर बसलेले मुहर्रकमधले हलवेवाले, लोणचेवाले, गुलाबपाणीवाले, मागच्या रांगेतले, ताटं कुठे मांडलीत ते आधीच बघून आलेले माझे मित्र, आणि बायकांच्या बाजूला बसून घड्याळ हातात धरलेली माझी बायको, सर्वांना माझा सलाम.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आत मचबूसच्या मसालेदार भाताचा वास सुटलाय, त्यामुळे दहाच मिनिटं बोलेन असं मी बायकोला कबूल केलंय. तुम्हाला काही कबूल केलेलं नाही.

बद्रियाबाई आज निवृत्त होताहेत. तेहतीस वर्षं त्यांनी या बेटावरच्या लोकांचे ट्रेडमार्क नोंदवले आणि राखले. या सभागृहात असा कोण आहे ज्याला बाईंनी एकदा तरी रडवलं नाही? हात वर करा बघू. बघा, एकही नाही. अर्जावर सही निळ्या शाईने केली म्हणून मला त्यांनी जिना चढून परत यायला लावलंय. सही माझी, शाई माझी, गुडघे माझे, पण बाई म्हणाल्या, "जुमा, काळी."

डॉक्टरसाहेब मुहर्रकचे नव्हेत, रिफ्फाचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या घरचा धंदा महयाव्याचा. मासा मिठात मुरवायचा, बडीशेप, धणे, मोहरी घालून उन्हात ठेवायचा आणि तो काळपट रस गरम रोटीला लावून खायचा. ज्यांना आवडतो ते रोज खातात, ज्यांना नाही आवडत ते आमच्यापासून दोन गल्ल्या लांब राहतात. माझी आई तो आमच्या घराच्या खिडकीतून विकायची. वडील जहाजं रंगवायचे, त्यातला उरलेला लाल रंग त्या खिडकीला लागला, आणि लोक म्हणायला लागले, लाल खिडकीचा महयावा आण. बस, तेच आमचं नाव आणि तीच आमची खूण.

मी धंदा हातात घेतला आणि ही खूण नोंदवायला बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "चिन्हाचा नमुना घेऊन ये. रंग नेमका दिसला पाहिजे." मी आज्ञाधारक माणूस. घरी गेलो, बिजागरी सोडवली आणि खिडकीचं दार डोक्यावर घेऊन त्यांच्या कार्यालयात हजर झालो. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "अरे बाबा, कागदावर चित्र काढून आण. मी या दाराला टाचणी कुठे मारू?"

हसा, हसा. पण पुढचं ऐका. नोंदणी कार्यालयात विचारलं, हा माल कुठल्या वर्गात घालायचा? मासा की चटणी? दोन्हींचे वर्ग वेगळे. मी म्हटलं, आईला विचारतो. आई म्हणाली, "त्यांना सांग, रोटीला लावायचं असतं ते." बाईंनी शेवटी एक बाटली नेऊन तिथल्या साहेबांच्या टेबलावर उघडली. साहेबांनी ताबडतोब लिहिलं, चटणी. आणि खिडकीही उघडली म्हणतात, ती मात्र आमची नव्हे.

तर नोंद झाली. आईने दाखला भिंतीवर लावला. तिला वाचता येत नव्हतं, पण येईल त्याला दाखवायची, "ही माझी खिडकी. आता सरकारनेही मानलीय." नऊ वर्षं सुखात गेली.

आणि मग आपले आजचे अध्यक्ष. बू नवाफ, खाली बघू नका. मी तुमची रीतसर परवानगी घेतलीय. काल ते मला काय म्हणाले माहीत आहे? "सांग की. फक्त मी अध्यक्षाच्या खुर्चीत असताना सांग, म्हणजे मला मध्येच उठून जाता येणार नाही." याला म्हणतात मोठं मन.

बू नवाफ तेव्हा बाटलीबंद चटण्यांच्या धंद्यात नवे होते. त्यांनी महयावा काढला आणि नाव ठेवलं 'लाल दरवाजा'. बाटली तशीच, झाकण तसंच, चित्रात खिडकीच्या जागी दरवाजा. तपासणीत दोन्ही चित्रं वेगळी वाटली असावीत, कारण अर्ज राजपत्रात छापून आला. छापून आल्यापासून साठ दिवसांत आम्ही हरकत घेतली तर ठीक, नाही तर लाल दरवाजाही कायमचा नोंदला जाणार. म्हणजे माझ्या म्हाताऱ्या आईने चाळीस वर्षांत उभं केलेलं नाव दोघांत वाटलं जाणार.

बाईंनी मला फोन करून सांगितलं, "जुमा, साठ दिवस आहेत. घाबरू नकोस. फक्त कुणाशी काही बोलू नकोस."

मी कुणाशीच बोललो नाही हो! मी फक्त घरी बसलो होतो. तिसऱ्याच दिवशी बू नवाफ माझ्या बैठकीत आले. गोड बोलले, मुलांची चौकशी केली. मी कहवा ओतला. त्यांनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

समोर बसलेल्या तरुण पोरांनो, तुम्ही हल्ली कागदी कपात कॉफी पिता, म्हणून सांगतो. पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली ठेवला, तर त्याचं काही मागणं असतं. आणि खानदानी यजमान ते मागणं ऐकायच्या आधीच म्हणतो, कहवा घे, तुझं काम झालं. मी खानदानी. छाती फुगवून म्हणालो, "घ्या बू नवाफ, तुमचं काम झालं." त्यांनी एका घोटात कहवा संपवला आणि म्हणाले, "माझ्या अर्जावर हरकत घेऊ नकोस."

संपलं. दिलेला शब्द कोण परत घेतो? मी बाईंच्या कार्यालयात गेलो आणि सगळं सांगितलं. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. बाई पाच मिनिटं गप्प, हे तेहतीस वर्षांत एकदाच घडलं, आणि त्याचा मानकरी मी आहे. मग म्हणाल्या, "काय मागणार हे विचारलंही नाहीस?"

"असं विचारतात का बाई?"

"नाही विचारत," त्या म्हणाल्या. "गाढवा, तेच तर दुखणं आहे. शब्द मोड म्हणून मी सांगणार नाही. आणि आईला काय सांगणार आहेस?"

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "एका पेल्यावर माझी खिडकी देऊन आलास?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. महिना गेला, दुसरा लागला, आई बोलेना. जेवण वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. मित्रहो, माझं वय तेव्हा एक्केचाळीस होतं. आई बोलत नाही म्हणून मी गुदामात बाटल्यांच्या खोक्यांमागे बसून रडलोय. आज सांगायला लाज वाटत नाही.

इकडे बाईंनी काय केलं? दर सोमवारी संध्याकाळी बू नवाफ यांची बैठक भरते. बाई तिथे जाऊन बसल्या. पुरुषांच्या बैठकीत बाई कशी, असं विचारायला कुणी धजावलं नाही, कारण तिथल्या निम्म्या लोकांच्या फायली बाईंच्या कपाटात होत्या.

बू नवाफ यांनी त्यांना दारात बघितलं आणि ओळखलं. बाई पेला खाली ठेवणार! मग आपल्या अध्यक्षांनी शक्कल लढवली. कहवाच द्यायचा नाही. पहिल्या सोमवारी सगळ्यांना केशराचा चहा. दुसऱ्या सोमवारी डाळिंबाचा रस. तिसऱ्या सोमवारी म्हणे वेलदोडे संपले. अहो, मुहर्रकमध्ये वेलदोडे संपले! चौथ्या सोमवारी एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "बू नवाफ, घरात सगळं ठीक आहे ना? दुखवटा असता तरी कहवा मिळाला असता." पाचव्या सोमवारी बैठकीत चारच माणसं. आणि बाई खजूर खात, सगळ्यांची विचारपूस करत शांत बसलेल्या. मागणं नाही, तक्रार नाही.

सहाव्या सोमवारी बू नवाफ यांच्या मातोश्री, अल्लाह त्यांना जन्नत देवो, आतल्या खोलीतून स्वतः किटली घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "माझ्या घरी पाहुणी दीड महिना कोरडी बसते, हे मी शेजारणीकडून ऐकायचं?" आणि त्यांनी बाईंचा पेला भरला. बाईंनी तो अलगद खाली ठेवला.

बू नवाफ, तुमचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला नाही, हे माझं आयुष्यभराचं दुःख आहे. पण माणूस खानदानी. म्हणाले, "घ्या उस्ताझा. तुमचं काम झालं."

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय मागितलं असतं? मी तर म्हटलं असतं, अर्ज फाड आणि दरवाजा बंद कर. बाई म्हणाल्या, "जुमाने तुम्हाला दिलेला शब्द त्याला परत द्या. एवढंच. बाकी काय ते आम्ही कार्यालयात भांडू. तुम्ही जिंकलात तर तुम्ही जिंकलात."

मला हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. "बाई, हातात आलेलं सोडलंत! सगळंच मागायचं होतं!"

त्या म्हणाल्या, "आज संकोचाने हो म्हणाले असते आणि पुढच्या वर्षी 'लाल गॅलरी' काढली असती. मला निकाल हवाय, उपकार नको. जा, जुन्या बाटल्या शोध."

मुदत संपायला पाच दिवस असताना हरकत दाखल झाली. काळ्या शाईत. सुनावणीच्या दिवशी मी आईच्या काळापासूनच्या एकोणीस बाटल्या घेऊन गेलो, प्रत्येकीवर लाल खिडकी. साहेबांनी सगळ्या पाहिल्या. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "चित्रं सारखी आहेत हे दिसतंय. पण गिऱ्हाईक खरोखर फसतं का? एक म्हणून माल घेतला आणि दुसराच निघाला, असं एखादं उदाहरण आहे?"

बाई थांबल्या. बू नवाफ यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही साहेब. इथे सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही."

मी मनात म्हटलं, बुडालो. वकीलबाईंनी तयारीच केली नाही! तेवढ्यात पलीकडून बू नवाफ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मी माझा अर्ज मागे घेतो." विषय मिटला. मी घरी गेलो, आईने दार उघडलं आणि म्हणाली, "जेवलास का?" दोन महिन्यांनी ऐकलेले ते दोन शब्द! त्यापुढे दाखला काय नि राजपत्र काय, सगळं फिकं.

नंतर गेली नऊ वर्षं मी ही गोष्ट मुहर्रकभर सांगत आलोय. लग्नात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, बाईंच्या तोंडावरही सांगितली. ती अशी, की ऐन वेळी वकीलबाई गडबडल्या आणि माझ्या एकोणीस बाटल्या बघून बू नवाफ यांची घाबरगुंडी उडाली. बाई प्रत्येक वेळी हसून म्हणायच्या, "हो रे, तुझ्या बाटल्यांनीच तारलं."

काल मी अध्यक्षांना आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला खरं काय ते सांगितलं.

त्या सहाव्या सोमवारी कहवा पिऊन झाल्यावर मातोश्री बाईंजवळ बसल्या होत्या. पुरुष आपापल्या गप्पांत होते. जवळ फक्त बू नवाफ. म्हातारी सहज म्हणाली, "पोरी, परवा ड्रायव्हरला लाल खिडकीची बाटली आणायला धाडलं, तर त्याने भलतीच आणली. दिसायला हुबेहूब तीच. मीही फसले. रोटीला लावून खाल्ला तेव्हा कळलं. कोण मेला असा धंदा करतो कोण जाणे."

तो मेला शेजारी बसून गालिच्याकडे बघत होता.

मित्रहो, बाईंच्या पदरात याहून मोठा पुरावा पडला असता का? खुद्द अर्जदाराची आई फसली! एक वाक्य बोलल्या असत्या तर केस तिथेच संपली असती. बू नवाफ म्हणाले, "साहेबांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं, संपलं. माझ्या आईचं नाव आता कार्यालयात निघणार. आणि उस्ताझांनी माझ्याकडे बघून नाही म्हटलं. एका घरी पाहुणी म्हणून बसून ऐकलेलं त्यांनी बाहेर काढलं नाही. त्यासाठी त्या केस हरायला तयार होत्या. जुमा, त्यानंतर मी कुठल्या तोंडाने भांडणार होतो?"

काल रात्री मला झोप लागली नाही. बाईंनी आमची खिडकी राखली, हे मला माहीत होतं. पण त्याच वेळी त्या दुसऱ्याच्या आईचीही अब्रू राखत होत्या, आणि वर नऊ वर्षं माझी फुशारकी निमूटपणे ऐकत होत्या. अशी माणसं निवृत्त होतात तेव्हा मागे राहणाऱ्यांनी काय करायचं, हे मला खरंच कळत नाही.

घड्याळ वर झालंय, बायको उभी राहिली आहे. मला बोलायची संधी दिलीत त्याबद्दल संघाचे, खुर्चीला चिकटून बसल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि भुकेल्या पोटी ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची जास्त थट्टा झाली असेल, तर ते सभेने पोटात घालावं.

एक चूक मात्र आजची नाही, नऊ वर्षांची आहे, आणि तिची माफी सभेकडे मागून भागणार नाही. बद्रियाबाई, त्या दिवशी तुम्ही गडबडला नव्हता. माझ्या बाटल्यांनी काहीही केलं नाही. हे मी ज्यांना ज्यांना उलटं सांगितलं, ते सगळे आज इथे बसले आहेत, म्हणून इथेच सांगतो. मला माफ करा.