आयेच्या मरणाचा फार्स

जन्म माझा मालवणकडचा, खाडीच्या काठचं गाव, बाबा इकडे मिलमध्ये आणि आये तिकडे शेतात, आणि मी सातवी झाले तशी मला बाबांच्या जेवणाखाण्यासाठी लालबागला आणून टाकलं. लग्न पण लालबागमध्येच झालं, एका चाळीतून उचलली आणि दुसऱ्या चाळीत ठेवली. नोकरी म्हणाल तर मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायचे, मिरच्या भाजायच्या, केस पिकेपर्यंत तेच केलं. हाताची आग कधी गेलीच नाही बघा, पोरांना लहानपणी डोळ्याला काजळ घालायचं तर दुसरीला बोलवायला लागायचं.

लिहायचं वेड कसं लागलं विचारता ना, तर आमच्या चाळीत दर वर्षी सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, आणि पूजेच्या संध्याकाळी चाळीतल्याच माणसांची एकांकिका. बायका स्टेजवर जायच्या नाहीत, मग मला विंगेत बसवायचे प्रॉम्प्टिंगला, कारण माझं वाचन फास्ट. तिकडे बसून बसून कळायला लागलं की हे वाक्य खोटं आहे, हे असं कोण बोलतं का, आणि मी हळूच फिरवून सांगायची, नट तसंच बोलायचे, कोणाला पत्ता नाही. तेव्हा काय वाटायचं सांगू तुम्हाला, बाळंत होऊन मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

मग आये आजारी पडली. पोटात गाठ. परळच्या हॉस्पिटलात नेली, त्यांनी सांगितलं घरी न्या, म्हणून आमच्या खोलीत, मोरीच्या बाजूला तिची चटई. दिवेलागण झाली की तिचं सुरू व्हायचं, कोंबडी झाकलंस काय गो? गावाला संध्याकाळी कोंबड्या टोपलीखाली झाकतात ना, ते तिच्या डोक्यात. आता लालबागच्या खोलीत कुठल्या कोंबड्या, पण मी म्हणायची व्हय आये, झाकलंय. परत दोन मिनिटांनी, झाकलंस काय गो? परत मी झाकलंय. जाताना पण तेच विचारत गेली. माझं उत्तर तिला ऐकू गेलं की नाही, देवाला माहीत, मला ते आजपण डाचतं.

ते मी लिहिलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे, देठ काढताना मनात जुळवायचं आणि घरी आल्यावर कागदावर. आणि मालवणीत लिहिलं. मेली ती मालवणीत, मग पुस्तकी भाषेत कशी मारू मी तिला? हीच माझी चूक झाली.

मंडळाचे सेक्रेटरी दिनूभावजी, नाटकं तेच बसवायचे, त्यांना नेऊन दिलं. म्हणाले, वहिनी, फक्कड आहे, ह्या वर्षी हेच करू. आणि म्हणाले तुम्ही ह्या टायमाला विंगेत नाही बसायचं, लेखिका तुम्ही, पुढच्या रांगेत बसायचं. आमचे मिस्टर रोज तालमीला जायचे, मी विचारलं तुमचं काम कोणाचं, तर म्हणे डॉक्टरचं. मी वेडी, लग्नातला शालू काढून नेसले ओ त्या दिवशी.

पडदा उघडला. चटईवर आये. म्हणजे आमचा नवरा. (आता मी रागात तो म्हणते, तुम्ही ते लिहा नाहीतर तो लिहा, मला फरक पडत नाही.) अंगावर माझ्या आयेचं लुगडं, माझ्या पेटीतलं, मला न विचारता काढलेलं. आणि बारीक आवाजात म्हणाला, कोंबडी झाकलंस काय गो, आणि सगळी चाळ फुटली. हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. मग विंगेतून एक जण कोंबडीसारखा ओरडत निघाला, हे मी लिहिलेलं नव्हतं, आणि आये मरता मरता उठून त्याच्या मागे धावली. सगळी आमचीच माणसं, बरं का, देवगडची, कणकवलीची, घरोघरी असं कोणीतरी चटईवर मेलेलं. पण स्टेजवर मालवणी ऐकली की आम्ही हसणारच, आम्हाला सवयच तशी लागलीय, मालवणी म्हणजे कॉमेडी, रडायचं असेल तर शुद्ध बोला. मी रुमाल तोंडात कोंबला आणि रडले, तर बाजूची बाई मला कोपर मारून म्हणते, अगो, तुला पण हसू आवरेना ना, तुझ्या मिस्टरांनी कमाल केल्यानी.

घरी आल्यावर मी विचारलं, का केलंत असं? तर तोंडाची पावडर पुसत म्हणाला, लोकांना आवडलं ना, मग झालं, तुझंच नाव झालं. आणि मेल्याने तिथे थांबवलं नाही. करी रोडला केलं, शिवडीला केलं, काळाचौकीला स्पर्धेत केलं, अभिनयाचा कप आणला, तो टीव्हीच्या बाजूला ठेवला आणि मी तो पुसायची. माझी आये गिरणगावभर मेली, आणि प्रत्येक वेळी टाळ्या.

मी लिहिणं सोडलं. लिहिणं सोडल्यावर बाई शांत होते असं वाटत असेल तर ते खोटं आहे. मी सगळ्यांवर खेकसायची, सुनेला टाकून बोलायची, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. परत लिहायला बसले की एक ओळ झाली की डोक्यात आवाज, अक्कल आहे का तुला, परत हसतील. फाडून टाकायची. दिनूभावजींनी एकदा हसं केलं, मी स्वतःचं रोज करत होते.

पुतणी म्हणाली काकी, दादरला लेखनाचं शिबिर आहे, चल. गेले. तिथल्या मॅडम गोऱ्यागोमट्या, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, स्वतःशी प्रेमाने वागा, धीर धरा, रोज थोडं लिहा. मी मनात म्हटलं, बाई, तुझ्याकडे दार लावून बसायला वेगळी खोली आहे, तुला सुचतं असलं. मग माझी पाळी आली, मी आयेचं वाचलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं, मिळालं! तर मॅडम म्हणाल्या, अय्या, किती गोड भाषा आहे हो, अजून बोला ना. माझी आये मरतेय आणि ह्यांना गोड लागतंय. परत गेले नाही. पण रोज थोडं, हे मात्र मी उचललं, आणि फाडायचं बंद केलं. चपाती फाटली तर आपण लाटणं फेकत नाही, गोळा करून परत लाटतो, मग ओळीलाच कशाला शिव्या. तीच गोष्ट परत परत लिहीत राहिले, कधी चार ओळी, कधी एक, वर्षांमागून वर्षं. एकच हाव होती हो मला, एका तरी माणसाने ते न हसता, न गोड म्हणता ऐकावं.

यंदा मिस्टर मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, खाटेवर पडून. सगळं मीच करते, लघवीचं भांडं देणं, अंग पुसणं. मनात आलं, ह्याला आता उठून जाता येत नाही. दुपारी जेवण झाल्यावर बाजूला बसले आणि म्हटलं, ऐका. पहिल्यापासून वाचलं. तो छताकडे बघत होता, खरंच ऐकत होता. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, कळलं ह्याला. आणि शेवटाला, आये जाते तिकडे आले, तर खाटेवरून तोच बारीक आवाज, कोंबडी झाकलंस काय गो. सगळी वाक्यं तोंडपाठ मेल्याची. एवढा म्हातारा, खाली प्लास्टिक अंथरलेलं, आणि मान अशी कोंबडीसारखी वाकडी करून माझ्याकडे बघतोय.

आणि मी हसले. काय सांगू तुम्हाला, पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी. चाळ हसली ते मला विषासारखं वाटायचं, आणि माझ्या आयेच्या मरणाला मी पण हसले. त्याने वाकडी मान सरळ केली, घाबरला असेल, म्हणाला, अगो, तू कित्याक हसतंस? का म्हणून मलाच विचारतो!

त्याला मी माफ केलेलं नाही, लिहून ठेवा. दिनूभावजी वर गेले, त्यांना पण नाही. पण मी हसले ते मला चाललं. दुसऱ्या दिवशी त्याचं भांडं धुतलं, हात साबणाने धुतले आणि परत बसले लिहायला, पहिल्या ओळीपासून. शेवट नीट होत नाही अजून. नाही तर नाही, उद्या बघू. तुम्ही चहा घ्या, थंड होतोय.