हौसाक्काची सात पावलं

मंडळी, चपला नीट काढल्यात ना? ते बघा, तिसऱ्या खांबाशी बसलेले पाव्हणे दर दोन मिनिटांनी दाराकडे बघतायत. नवी जोडी दिसतेय! बघा, बघा. देवाकडे बघायला जन्म पडलाय. आज तुमची सोयच आहे, आख्यान चपलेचंच आहे.

आधी प्रश्न. काळ बदलतो, गादीवरचा माणूस बदलतो, गिऱ्हाइकाची आवड तर कूस बदलावी तशी बदलते. मग आपण बदलायचं काय — आणि हात लावायचा नाही तो कशाला? मनात ठेवा. उत्तर हौसाक्का देईल.

तर ऐका. कोल्हापुरात दौलूआप्पा सातपुत्यांची पेढी. त्यांची चप्पल घालून माणूस निघाला की — कर्र, कर्र, कर्र! तळाच्या दोन चामड्यांच्या मध्ये आप्पा बिया घालून शिवायचे, त्याचा हा आवाज. कुणी विचारलं की म्हणायचे, "मानसाला आपलं पाऊल ऐकू याया पायजे. चोरपावलानं कुटं जायला नको." आता साखर वाढलेले एखादे रावसाहेब ही चप्पल घालून लाडवाच्या डब्याकडे निघाले, की आतून हाक यायची, "मागं फिरा!" असा तो उपयोग.

या बिया बसवायची हौसाक्का. आप्पांच्या हाताखाली शिकलेली, चाळीस वर्षं कारखान्यातल्या चामडं कुटायच्या एकाच दगडापाशी बसलेली. जोड तयार झाला की स्वतः घालायची आणि सात पावलं चालायची, कान देऊन. आवाज फाटका आला की टाका उसवायची, पुन्हा शिवायची. हट्टी होती म्हणाल, तर मुळीच नाही हो! शहरातल्या पायांना फोड येतात म्हटल्यावर तिनं चामडं तेल पाजून मऊ केलं. पोरींना टाच हवी झाली, टाच दिली. निळा पट्टा, गुलाबी पट्टा, मागाल तो दिला. फक्त बी सोडलं नाही.

आप्पा गेले. गादीवर आला नातू रणधीर, इटलीला जाऊन फॅशन शिकून आलेला. माणूस एवढं शिकून आला की पहिलं काय करतो? घरातल्या सगळ्यांना अडाणी ठरवतो! त्यानं काचेचं शोरूम केलं. आत अख्ख्या भिंतीवर चप्पल एकच, आणि तिच्यावर दिवा. आपण देवापुढे एवढा दिवा लावत नाही, मंडळी.

एके दिवशी तो हौसाक्काच्या दगडापाशी आला. "आक्का, हा आवाज बंद करायचा. मोठ्या लोकांना आता शांतता आवडते."

"बाळ, रंग बदल, पट्टा बदल. बी काढू नगंस."

"मग तुम्ही घरी बसा, आक्का. दमलात."

दमलात! माणसाला काढायचं ठरलं, की आपल्याला त्याच्या तब्येतीची केवढी काळजी वाटायला लागते! हौसाक्कानं चामडं कापायची रापी पदराला पुसली, दगडावर ठेवली आणि गेली. तिला घर होतं, पण ते झोपण्यापुरतं. बाईचं सगळं जगणं त्या दगडापाशी होतं, ते त्यानं एका शब्दात काढून घेतलं. मला राग येतो, मंडळी, हे सांगताना.

बिनआवाजाच्या चपलेचं नाव ठेवलं 'मौन'. दोन महिने काय खपली! मग बायका एकेक करून परत घेऊन यायला लागल्या. काय बिघडलं, ताई? "लग्नात घातली हो, कुणी वळून बघितलंच नाही!" एवढी महाग वस्तू, आणि महाग आहे हे लोकांना कळेना. मग घ्यायची कशाला? आम्हाला शांतता आवडते — पण आवडते हे चारचौघांना ऐकू गेलं पाहिजे!

रणधीर लगेच फिरला. "आवाज परत आणा!" आणणार कोण? बिया कुठल्या, किती, टाका कसा, एकालाही येईना. आक्काच्या दारात जायचं तर लाज आडवी. मग साहेबांनी युक्ती काढली — टाचेत रबरी पुंगी! मुंबईत मोठा सोहळा. दिवे, कॅमेरे, परदेशी पाहुणे. सहा फुटी मॉडेल ऐटीत आली, पहिलं पाऊल टाकलं आणि — पेटीवाले, जरा वरचा सूर द्या — पीं! दुसरं पाऊल, पीं! वर्षाच्या बाळाचे बूट जणू! सगळं सभागृह खदाखदा हसलं. दौलूआप्पांच्या नावाला हसलं.

दुसऱ्या दिवशी रणधीर हौसाक्काच्या दारात. "चुकलो, आक्का. चला परत."

आक्का म्हणाली, "हितं येऊन गुपचूप सांगाय काय जातंय?" आत गेली आणि एक जोड घेऊन आली, घरी बसून त्याच्याच मापाचा शिवलेला. "ही घाल. उद्या कारखान्यात सगळी बसली आसतील तवा चालत ये. माझ्या दगडापातूर ये, आन काय बोलायचं ते तितं बोल."

आता हा रणधीर कारखान्यात रोज कसा यायचा? मऊ बुटात, न वाजता. पाठीवर सावली पडली की कारागिरांना कळायचं, मालक मागे उभा आहे. त्या दिवशी मात्र दारातूनच — कर्र! चालते हात थांबले. माना वर झाल्या. कर्र, कर्र. दारापासून दगडापर्यंत वीस पावलं. दहाव्याला त्याला वाटलं, चपला काढून हातात घ्याव्यात. आजोबा काय म्हणायचे ते तेव्हा त्याला कळलं. पण काढल्या नाहीत. दगडापाशी आक्का उभी होती.

"आक्का दमल्या नव्हत्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मीच काढलं त्यांना. माझं चुकलं."

हौसाक्का खाली बसली. दगडावर हात फिरवला. रापी उचलली.

"डावी फाटकी वाजतीया," ती म्हणाली. "काढ हिकडं. टाका उसवतो."

मिळालं उत्तर? पट्टा बदला, टाच बदला, काय वाटेल ते बदला. आपलं पाऊल आपल्याला ऐकवणारं बी तेवढं ठेवा.

रणधीरची बरी जिरली म्हणून हसलात. आणि घरातली म्हातारी? "आई, तू दमलीस, आता बस" म्हणून तिला चुलीपाशी जायला मनाई कुणी केली? दुकानातल्या जुन्या माणसाला हार घालून घरी कुणी पाठवलं? — बसा पाव्हणे, आरती व्हायची आहे. तुमच्या चपला वाजत नसल्या तरी उठताना दिसता तुम्ही!

आरती झाली की दारात जाल, आपापली जोडी शोधाल, घालाल. ती वाजायची नाही, रबराची आहे. म्हणून कान तुम्हीच द्या. घरी पोचल्यावर ज्यांना 'दमलात' म्हणून बसवलंय, त्यांच्या खोलीपर्यंत चालत जा. वीस पावलं काही नसतील तुमच्या घरात.