आजोबांचा लाल झगा

मुलं आत चीनमधल्या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा पेपर लिहीत होती आणि आम्ही घरची माणसं फाटकाबाहेर उन्हात ताटकळत होतो. माझ्या पुढ्यात लाल रेशमी झगा घातलेली एक आई उभी होती. शेजारी तस्साच झगा घातलेले एक आजोबा.

ती आई त्यांना म्हणाली, "काका, मुलांना यश यावं म्हणून हा झगा आयांनी घालायचा असतो."

"ठाऊक आहे की! नातीची आई, आमची सूनबाई, तिकडे शेनझेनला कारखान्यात. रजा मिळेना, म्हणून तिने झगेच पाठवले. आज शुभ सुरुवातीचा लाल, उद्या वाट मोकळी व्हावी म्हणून हिरवा."

"मग नुसता हातात धरायचा!"

"हातात धरून यश येतं होय?"

"लोक हसतायत हो."

"हसू देत. मी या परीक्षेला बसलो तेव्हा माझे वडीलही असेच बाहेर उभे होते. अंगात शेजाऱ्याचा कोट, खिशाला पेन."

"शिकलेले होते?"

"छे! अंगठेबहाद्दर. पोरगा अडाण्याच्या घरचा वाटू नये, म्हणून पेन."

"मग पास झालात?"

"आपटलो. पेन मात्र त्यांनी मरेपर्यंत खिशाला लावलं."

"घंटा झाली, काका! नात आली का बघा."

"ती काय, आमची रुओशी!"

"अगं बाई, आता लाजून पळेल ती!"

"आजोबा, इकडे या. गळ्याशी बटणं चुकलीत तुमची."

"ते राहू दे. पेपर कसा गेला?"

"मान वर करा आधी. हं, झालं. उद्या हिरवा मी घालून देईन."