भांडगावच्या मांडवातला कोट

जुने कपडे कसे बघून घ्यायचे, ते मला कुणी शिकवू नये. दौंडच्या बाजारात कोट घेतला, तर काखेतली शिवण ओढून बघितली, अस्तर उलटं केलं, कसर लागलीय का ते उन्हात धरून बघितलं. फक्त कुणाचा होता, तेवढं विचारलं न्हाई.

तोच घालून भांडगावला पुतण्याच्या लग्नात गेलो. नवरीकडची एक म्हातारी आली आन् कोटाचं बटणच धरलं.

"ह्यो आमच्या मालकांचा हाय."

"मावशी, मी विकत घेतलाय."

"ह्ये बटण म्याच लावलंय, निळ्या दोऱ्यानं. ते गेल्यावर गरिबाला दे म्हणून लेकाकडं दिला व्हता."

लेक शेजारीच उभा. मी म्हटलं, "मग त्यालाच विचारा, बाजारात कसा आला."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आन् आईला म्हणाला, "आये, दिला की गरिबाला. ह्यास्नीच दिला."

मी तोंड उघडायच्या आत म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आन् वाढप्याला हाक मारली, "ह्यास्नी आधी बसवा, पोटभर वाढा."

अरे, मी नवरदेवाचा सख्खा चुलता.