शेजारचा माग

माझं काम घरून, आणि भिंतीपलीकडं नरसय्याकाकांचा चादरीचा माग. त्यामुळं ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलून झालं की मी लगेच माईक बंद करायचो. एकदा विसरलो. खटक-खटक, खटक-खटक सगळ्यांच्या कानात. पुण्याचे साहेब बोलता बोलता थांबले. म्हटलं, गेली नोकरी.

"कसला आवाज हा?"

"शेजारी माग हाय सर. बंद करतो की माईक."

"राहू दे. माझं आजोळ सोलापूरचं. सुट्टीत या आवाजावरच झोपायचो," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

तेव्हापासून माझा माईक कायम चालू.

परवा साहेबांनी विचारलं, "आज माईक बंद ठेवलास का रे?"

म्हटलं, "चालूच हाय सर. माग काल भंगारात गेला."