चूक दुकानाची

...आणि मला सांगा, मी काय दुकानदाराच्या कानात सांगायला गेलो होतो का, की बाबा रे, टेबलफॅन एक मागवलाय, दोन पाठव? टेंपोवाल्याने दारात दोन खोकी ठेवली आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत पठ्ठ्या जिना उतरून पसार! आता ते 'अहो' मी जरा हळूच म्हटलं, ते सोडा. चूक दुकानाची!

आमची ही म्हणाली, फोन करा दुकानात. म्हटलं, करतो, करतो... आणि तुम्हाला सांगतो, त्या 'करतो'मध्ये अर्धा उन्हाळा गेला. एक पंखा बाहेरच्या खोलीत, एक आतल्या. काय झोप लागायची म्हणता!

अशात एकदा वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. पंख्यासमोर बसले, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि म्हणाले, अगदी असाच मागवलाय हो मी, त्याच दुकानातून, अजून पत्ता नाही. म्हणजे दुसरं खोकं यांचं! मी उठून पंख्याचा वेग तेवढा वाढवला. चूक दुकानाची ना? मग रोज संध्याकाळी मास्तर हजर. बाहेरचा पंखा त्यांचा की आतला, देव जाणे, पण माणूस स्वतःची हवा खायला माझ्याकडे येतो आणि वर माझेच आभार मानतो!

दुकानवाला त्यांना फोनवर ठणकावायचा, "आजोबा, माल पोचलाय, घरातच बघा नीट." हळूहळू त्यांची सूनही म्हणायला लागली, बाबा, तुम्हीच घेऊन कुठे ठेवला असेल, हल्ली चष्मा तरी सापडतो का तुम्हाला? आणि एके दिवशी मास्तर आले ते बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "मी विसरायला लागलोय वाटतं. माळासुद्धा शोधला. पंखा घेतल्याचं आठवतच नाही हो."

लाज वाटली हो. त्या रात्रीच रिकामं खोकं शोधून काढलं.

सकाळी पंखा खोक्यात भरला, चिकटपट्टी लावली, वर नेला... आणि तिथेही मेलं खरं बोलवेना! म्हटलं, मास्तर, आत्ताच आला, चुकून आमच्याकडे टाकला टेंपोवाल्याने.

मास्तरांनी खोकं उघडलं. जाळीवरून बोट फिरवलं. बोट काळं! बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सून शेजारीच उभी, तिला म्हणाले, "बघ, मी विसरलो नव्हतो." आणि मला, अगदी सावकाश, "असू द्या हो. चूक दुकानाची."

जमीन दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं. पण आमच्या जिन्याची फरशी पक्की.

आणि मास्तर? अजून येतात की रोज! तो पंखा सुनेच्या खोलीत देऊन टाकला म्हणे.  बसण्याआधी आमच्या पंख्याच्या जाळीवरून एकदा बोट फिरवतात. म्हणून मी आपला रोज दुपारी पंखा पुसून ठेवतो... करणार काय?